एड्समधून वाचविले आणि कॅन्सरच्या हवाली केले!

एचआयव्हीची लागण झालेली बाई आता पूर्वीसारखी मरत नाही, असे सरकारचे आरोग्य खाते अभिमानाने सांगते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात झाली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या मोजक्या केंद्रांपैकी एक. पुढे ही केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. त्याआधी ज्या घरात हा आजार शिरला त्या घरातून दोन-चार वर्षांत दोन तिरड्या निघत. आज तीच बाई रोज गोळी घेते, कामाला जाते, मुलीचे लग्न लावते, नातवंड मांडीवर घेते. हे यश आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. परंतु अशा रीतीने वाचविलेल्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी दुसरा एक आजार दबा धरून बसलेला असतो. तो वेळेत दिसला तर तिथल्या तिथे संपविता येतो. दिसला नाही तर तो तिला संपवतो. आणि तो बघायचा कोणी, याचे उत्तर आमच्या सरकारी व्यवस्थेत आजही कोणाजवळ नाही!

हा आजार म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आमच्या आया-बहिणी त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आढळतो की, संसार करणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा चिकटतोच. शरीराची प्रतिकारशक्ती धड असेल तर वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. ज्या बाईची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने पोखरलेली आहे, तिच्या अंगातून तो सहजी जात नाही. तो पिशवीच्या तोंडाच्या पेशींत ठाण मांडतो, त्या पेशी बिघडवतो आणि बिघडलेल्या पेशींचा पुढे कॅन्सर होतो. धडधाकट बाईत या प्रवासाला पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या बाईत पाच-दहा वर्षांत सगळे उरकते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर बाईच्या सहापट असतो. सहापट! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर १९९३ पासून हा कॅन्सर एड्सची खूण मानल्या जाणाऱ्या आजारांच्या यादीत घातलेला आहे. म्हणजे ही गोष्ट तीस वर्षांहून जास्त काळ कागदावर आहे.

गोळी वेळेवर सुरू झाली आणि नेमाने घेतली तर हा धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही, हेही इथेच सांगून टाकले पाहिजे. "माझी गोळी चालू आहे, मला काय होतंय" असे म्हणणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. आणि त्यांना तसे वाटू देणारे दवाखानेही पुष्कळ आहेत!

देशात दरवर्षी सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार मरतात. या मेलेल्यांत बंगल्यातल्या बायका किती आणि वस्तीतल्या, वाडीवरच्या, पालावरच्या किती, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण तो हिशेब आम्हाला विचारायची गरजही नाही. जिच्या घराण्यात डॉक्टर आहे ती वर्षाला तपासून घेते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, तेव्हा ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. अठ्ठ्याण्णव जणी उरल्या, त्या कोणाच्या?

आता ज्यांच्या जिभेवर लगेच चारित्र्याचा प्रश्न येतो, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १९९२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास १९९७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ बायका होत्या. त्यांतल्या शंभरातल्या तेरा-चौदा जणींना एचआयव्ही निघाला. या बहुतेक साध्या संसारी बायका. नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष त्यांनी पाहिला नव्हता. लागण त्यांच्या घरात नवऱ्याबरोबर आली होती. एचपीव्हीचेही तेच आहे. पुरुष तो वाहून आणतो, त्याला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, आणि भोगते ती बाई. तरी गावात बोट कोणाकडे दाखवतात? नवरा गेला की सासरचे तिला "पांढऱ्या पायाची" म्हणून बाहेर काढतात आणि जमिनीतला हिस्सा दाबतात. अशी बाई पिशवी तपासायला सांगायला कोणाजवळ जाणार?

आम्ही मुळशी तालुक्याचे उदाहरण घेतो, ते मुद्दाम. हा तालुका पुणे शहराच्या कुशीत आहे. इथेच हिंजवडीचे आयटी पार्क, इथेच लवासा, इथेच पिरंगुटचे कारखाने आणि डोंगरउतारावर श्रीमंतांची फार्महाऊसे. याच तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज मिळावी म्हणून आपली भातखाचरे टाटांच्या धरणाच्या पाण्यात घातली आणि १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह करूनही ती वाचली नाहीत. आणि याच तालुक्यातल्या भूगावात 'मानव्य' ही संस्था आहे. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या बायकांमध्ये काम करता करता विजयाताई लवाटे यांनी एड्सने अनाथ केलेल्या, स्वतः एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी तिथे 'गोकुळ' उभे केले. त्या वेळी या मुलांना शाळा घेत नव्हत्या, नातेवाईक घेत नव्हते, आणि मेल्यावर खांदा द्यायलाही माणसे मिळत नव्हती.

विजयाताईंच्या त्या कामाचा आम्ही आदर करतो. पण आज त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि तो एका संस्थेपुरता नाही. आईकडून एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या आणि 'फार तर दहा वर्षे' असे डॉक्टरांनी ज्यांच्याबद्दल म्हटले, त्या मुली गोळ्यांच्या बळावर जगल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या या मुली आज पंचविशीच्या पुढे आहेत. कोणी नोकरी करते, कोणाचे लग्न झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, एचआयव्ही असलेल्या बाईची पिशवीच्या तोंडाची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून सुरू करा आणि दर तीन ते पाच वर्षांनी करा. आमच्या केंद्र सरकारने २०१६ साली गावपातळीवरच्या कॅन्सर तपासणीसाठी जी चौकट आखली, ती म्हणते ३० ते ६५ वर्षे आणि दर पाच वर्षांनी एकदा. ही चौकट सगळ्या बायकांसाठी आखलेली आहे, एचआयव्ही असलेल्या बाईचा विचार करून नव्हे. तेव्हा पंचवीस ते तीस या वयातली, जन्मापासून हा विषाणू अंगात वागवणारी मुलगी उपकेंद्रात गेली तर तिथली ताई वहीत वय पाहून तिला परत पाठवणार! त्या ताईचा दोष नाही. तिच्या वहीत एचआयव्हीचा रकानाच नाही, आणि तो नसणे एका अर्थी बरेही आहे, कारण गावात गुपित फुटायला वेळ लागत नाही.

मग ही तपासणी कुठे व्हायला हवी? जिथे तिचे गुपित आधीच माहीत आहे तिथे. म्हणजे एआरटी केंद्रात!

इथेच सगळी गोम आहे. पौडची, कोळवण खोऱ्यातली, धरणापलीकडच्या एखाद्या वाडीतली बाई गोळ्यांसाठी ससूनला, औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पिंपरीच्या वायसीएमला जाते. पौडपासून पुणे तीसेक किलोमीटर. त्यापुढच्या वाड्यांना एसटीची वेळ गाठायची तर पहाटे निघावे लागते. त्या दिवसाचा खाडा पडतो. पिरंगुटच्या कंपनीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर असेल, हिंजवडीत हाऊसकीपिंगला असेल, बंगल्यावर धुणीभांडी करीत असेल, तर रोज बुडतो आणि वर "सारखं कुठं जातीस गं?" हा प्रश्न. ती सगळे सोसून जाते, कारण गोळीशिवाय जगणे नाही. केंद्रात तिचे वजन होते, रक्त घेतात, खोकला आहे का विचारतात, गोळ्या मोजून देतात, पुढची तारीख लिहितात. वर्षानुवर्षे ती अशी येते-जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या उपचारविषयक सूचनांत पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा उल्लेख आहे. पण प्रत्यक्षात काय होते? कोणी विचारलेच तर चिठ्ठी मिळते: स्त्रीरोग विभागात दाखवा. तो विभाग दुसऱ्या इमारतीत, त्याची ओपीडी दुसऱ्या वारी, तिथली रांग वेगळी, केसपेपर वेगळा. आणि तिथल्या मावशींसमोर पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायचे की, मला एचआयव्ही आहे. एक खाडा तिने काढला, दुसरा कुठून काढणार? चिठ्ठी पिशवीत राहते आणि पिशवीचा आजार पिशवीत!

एचआयव्हीचा कार्यक्रम एका खात्याचा आणि कॅन्सरचा कार्यक्रम दुसऱ्या खात्याचा. दोन्ही खाती दिल्लीहून स्वतंत्र पैसे आणतात, स्वतंत्र अहवाल पाठवतात. बाई मात्र एकच आहे. तिचे दोन तुकडे करून दोन फायलींत घातले आहेत आणि दोन्ही फायली पूर्ण आहेत!

ही तपासणी काय आहे, हेही आमच्या वाचकांना ठाऊक असले पाहिजे. म्हणजे अवघड म्हणून होत नाही ही सबब कोणी सांगू नये. नर्स पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावते. स्वयंपाकघरातले व्हिनेगर म्हणजे तेच. एक मिनिट थांबते. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. बस्स, एवढेच! याला व्हीआयए म्हणतात आणि त्याला लागणारे सामान काही रुपयांचे. दुसरी तपासणी एचपीव्हीची. त्यात कापसाच्या काडीने नमुना घेऊन विषाणू आहे का हे यंत्रावर पाहतात. ही जास्त खात्रीची आहे आणि नमुना बाईला पडद्याआड जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो. एचआयव्ही असलेल्या बाईच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना हिलाच पसंती देते. मात्र विषाणू सापडला म्हणून लगेच उपचार करायचे नाहीत, आधी दुसऱ्या तपासणीने खात्री करायची, असेही ती सांगते. डाग लहान असेल तर तो तापवलेल्या सळईसारख्या छोट्या यंत्राने काही मिनिटांत जाळून टाकता येतो. भूल नको, खाट नको, बहुतेक वेळा त्याच दिवशी. डाग मोठा किंवा आतपर्यंत गेलेला असेल तर मात्र मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते.

या विद्येचा मोठा भाग महाराष्ट्रातल्या गरीब बायकांच्या अंगावर सिद्ध झाला आहे, ही गोष्ट आमच्या लोकांना फारशी माहीत नाही. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतून १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचा निष्कर्ष जाहीर झाला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या अभ्यासात नुसत्या एकदाच्या व्हिनेगर तपासणीला तसे यश आले नव्हते. पण १९९८ पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी तीच तपासणी पुन्हा पुन्हा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. ती तपासणी करणाऱ्या कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या वस्तीपातळीवरच्या बायका! आणि एचआयव्ही असलेल्या बायकांविषयी तर खुद्द पुण्यातच काम झाले. 'प्रयास' या संस्थेच्या दवाखान्यात डॉ. स्मिता जोशी, डॉ. विनय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी अकराशेहून अधिक एचआयव्हीबाधित बायकांची तपासणी केली. आपल्यासारख्या देशात डोळ्यांनी पाहण्याच्या साध्या तपासण्या या बायकांसाठी सर्वांत व्यवहार्य आहेत आणि एचपीव्ही चाचणी परवडेल तेव्हा तीही जोडावी, असे २०१३ साली त्यांनी जगाला सांगितले.

जगाला सांगितले. पौडला कोण सांगणार?

आणखी एक बाजू आहे आणि ती कडू आहे. उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतले दिंडिगल या तीन ठिकाणच्या अभ्यासांत तुलनेसाठी म्हणून सुमारे १ लाख ३८ हजार बायकांची तपासणीच केली नव्हती. त्यांतल्या किमान २५४ जणी या कॅन्सरने मेल्या. यावरून अमेरिकेतल्या डॉ. एरिक सुबा यांनी तक्रार केली, बराच वाद झाला. भारतात तेव्हा तपासणी होतच नव्हती, तेव्हा न तपासणे हीच इथली रीत होती, असे संशोधकांचे उत्तर होते. आम्ही त्या संशोधकांना खलनायक ठरवीत नाही. त्यांच्या कामामुळेच आज हे ज्ञान आहे. परंतु 'न तपासणे हीच इथली रीत' हे वाक्य आमच्या काळजाला घरे पाडते. ती रीत कोणासाठी होती? आणि ज्या बायकांनी हे ज्ञान सिद्ध करायला आपला देह दिला, त्यांच्या लेकीसुनांना ते ज्ञान आजही मिळत नसेल, तर ही रीत बदलली असे कोणी म्हणावे?

बीड जिल्ह्यात काय झाले ते आठवा. ऊसतोडणीच्या बायका अंगावरून पांढरे जाते म्हणून खासगी दवाखान्यात गेल्या की, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घालून त्यांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. विशी-तिशीतल्या पोरींचीसुद्धा! म्हणजे आमच्या बाईला कॅन्सरची भीती विकायची असेल तेव्हा बाजार तिच्या दारात हजर असतो आणि दोन रुपयांच्या व्हिनेगरने खरा कॅन्सर शोधायचा असेल तेव्हा सरकार गैरहजर असते. मुळशीच्या कासारसाईला साखर कारखाना आहे. हंगामात तिकडेही फड पडतात, कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतल्या बाईची नोंद तिच्या गावाकडच्या आशाताईकडे असते आणि ती असते इथे. तिला एचआयव्ही असेल तर गोळ्यांचीच मारामार, तपासणीचे नाव कुठले!

आता करायचे काय, ते स्पष्ट सांगतो. एआरटी केंद्रात बाई ज्या दिवशी गोळीला येते त्याच दिवशी, त्याच इमारतीत, एक पडदा, एक टेबल, एक दिवा आणि एक प्रशिक्षित नर्स एवढे हवे. आफ्रिकेतल्या झांबिया या आमच्यापेक्षा गरीब देशाने २००६ सालापासून हे करून दाखविले. लुसाका शहरातल्या सरकारी दवाखान्यांत, एचआयव्हीचे उपचार जिथे मिळतात तिथेच, नर्सेसच्या हातून व्हिनेगरची तपासणी सुरू केली, साध्या डिजिटल कॅमेऱ्याने डागाचा फोटो काढून डॉक्टरला दाखवायची सोय केली आणि काही वर्षांत लाखभर बायका तपासल्या. झांबियाला जमते ते औंधला, ससूनला, वायसीएमला का जमू नये?

यंत्राचीही सबब आता उरलेली नाही. टीबी शोधण्यासाठी सरकारने ग्रामीण रुग्णालयांतून ट्रूनॅट नावाची यंत्रे बसविली आहेत. ती गोव्याच्या मोलबायो कंपनीची. त्याच यंत्रावर चालणाऱ्या एचपीव्ही चाचणीला २०२५ साली सरकारी संस्थांच्या तपासणीत मान्यता मिळाली. एचआयव्ही असलेल्या बाईची थुंकी टीबीसाठी ज्या यंत्रात जाते, त्याच यंत्रात तिच्या पिशवीच्या तोंडाचा नमुना गेला तर कोणाचे काय बिघडते? पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत ही सोय आली तर त्या बाईचा दुसरा खाडा वाचेल. तोवर व्हिनेगर तरी द्या! यंत्राची वाट पाहत व्हिनेगर नाकारणे म्हणजे पंचपक्वान्नाच्या आशेने भाकरी काढून घेणे.

लसीबद्दल थोडेसे. एचपीव्हीची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणली. लस नऊ ते चौदा वयाच्या मुलींना द्यायची असते, म्हणजे ती उद्याच्या बायकांसाठी आहे. आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीच वाचवणार. पण एचआयव्ही असलेल्या लहान मुलींच्या पालकांनी आणि सांभाळणाऱ्या संस्थांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इतर मुलींना एक डोस पुरतो असे आता मानले जाते. एचआयव्ही असलेल्या मुलीला किमान दोन, आणि शक्य असेल तर तीन डोस द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळ्या शाळेला एक डोस दिला, हिलाही एक दिला, झाले काम, असे होऊ देऊ नका. लसीबद्दल आमच्या समाजात शंका आहे, आणि ती उगीच नाही. आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवर ही लस वापरून पाहताना पालकांची संमती नीट घेतली नाही, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या चालविल्या, हे संसदीय समितीने २०१३ साली उघड केले. त्या प्रकल्पात गुन्हा झाला तो संमतीचा. त्यावरून लसच वाईट म्हणणे बरोबर नाही. संमती मागा, कागद वाचून घ्या, आणि लस घ्या.

तपासणी नाकारणाऱ्यांसाठी कायदा आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे, अर्धवट सोडणे किंवा वेगळी वागणूक देणे त्याने बेकायदा ठरविले आहे. वीस किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमायचा आहे. "ही केस शेवटी घ्या", "हिला वेगळी अवजारे आणा", "मोठ्या दवाखान्यात न्या" हे टेबलावर झोपलेल्या बाईने ऐकायचे शब्द आता कायद्याच्या कक्षेत येतात. आमच्या वकील बांधवांनी कधी एखादी अशी तक्रार लढवून पाहावी. ॲट्रॉसिटीच्या कायद्याइतकी सवय या कायद्याची झालेली नाही.

आणि आता आमच्याच घरात थोडे पाहू या. पिशवी, अंगावरून जाणे, शरीरसंबंध हे शब्द आमच्या व्यासपीठांवर उच्चारले जात नाहीत. महिला मेळाव्यात आम्ही हिंदू कोड बिलावर दोन तास बोलतो आणि समोर बसलेल्या बाईची कंबर का दुखते हे विचारीत नाही. परमपूज्य बाबासाहेबांना ही लाज नव्हती. १९३८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मांडला, तेव्हा सभागृहातली भलीभली मंडळी अवघडली आणि ठराव फेटाळला गेला. बाईच्या शरीरावर जो भार पडतो तो कायदेमंडळात बोलण्याचा विषय आहे, हे बाबासाहेबांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ठरवून टाकले होते. क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी १८९७ साली मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले गायकवाडांचे पोर पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच प्लेगने १० मार्चला त्या गेल्या. ज्या रोग्याला जग शिवत नव्हते त्याला त्यांनी पाठीवर घेतले. आणि आमच्या विहारात एचआयव्ही असलेली उपासिका शेवटच्या रांगेत बसते, तिच्या हातचा चहा नको म्हणून कप सरकवला जातो. हे आम्ही पाहिलेले आहे आणि आमच्या वाचकांनीही पाहिलेले असेल!

मुळशीत, हवेलीत, मावळात जिथे जिथे आमची महिला मंडळे आहेत, त्यांनी एक काम अंगावर घ्यावे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते आणि जानेवारी हाच महिना जगभर या कॅन्सरच्या जागृतीसाठी पाळला जातो. त्या दिवशी हार घालून झाल्यावर विहारात तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे आणि तीस वर्षांवरच्या सगळ्याच बायकांची तपासणी मागावी. सगळ्यांची मागितली की, एचआयव्ही असलेली भगिनी गर्दीत झाकून जाते, तिला वेगळे उभे राहावे लागत नाही. पंचवीस ते तीस वयातल्या ज्या मुलींना तिथे वयामुळे अडविले जाईल, त्यांच्याबरोबर मंडळातल्या एका शहाण्या बाईने गुपचूप एआरटी केंद्रापर्यंत जावे. एकटी बाई "तपासणी करा" म्हणते तेव्हा तिला चिठ्ठी मिळते. दोघी म्हणतात तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठतो.

तिथे गेल्यावर मागायचे ते असे: माझ्या एआरटीच्या पुस्तकात पिशवीच्या तोंडाच्या तपासणीची तारीख लिहा. केलेली नसेल तर केव्हा करणार ते लिहा. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसत असेल, अंगावरून घाण वासाचे जात असेल, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. मात्र काहीच त्रास नाही म्हणून मागे राहू नका, कारण डाग असतो तेव्हा दुखत नाही. आणि डाग जाळून घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. एचआयव्ही असलेल्या बाईत तो पुन्हा उमटू शकतो. म्हणून बारा महिन्यांनी परत तपासायचे, आणि ती तारीखही त्याच पुस्तकात, गोळीच्या तारखेशेजारी लिहून घ्यायची.